काजव्यांचे फोटो: सेटिंग, फोकस आणि स्टॅकिंगबद्दल नेमकी माहिती हवी

पाऊसवेडा:

जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याला, घाटघर-साम्रदच्या बाजूला काजव्यांचे फोटो काढायला जायचं ठरतंय. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) डीएसएलआर आहे. लेन्स दोन: १८-५५ ची किट (एफ/३.५-५.६) आणि ५० मिमी एफ/१.८. ट्रायपॉड साधा, वजनाला हलका.

नेटवर कुणी पाच मिनिटांचं एकच एक्स्पोजर (म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं) द्यायला सांगतं, कुणी वीस-वीस सेकंदांचे शंभर फोटो काढून एकावर एक जोडायला, म्हणजे स्टॅकिंग करायला. यातलं बरोबर काय आणि का? दोन्हींपैकी कोणती लेन्स लावू? काळोखात फोकस कसा करायचा? शिवाय सोबतच्या दोघांकडे फक्त मोबाइल आहेत, त्यावर काही होईल का?

निशाचर:

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, मग बाकीची सेटिंग आपोआप सुचतात. काजव्याचा उजेड शटर लांबवून वाढत नाही. त्याची एक लुकलुक सेकंदाचा छोटासा भागच टिकते. शटर १० सेकंद उघडं असो की १० मिनिटं, त्या लुकलुकीचा प्रकाश सेन्सरवर तेवढाच पडणार. तो ठिपका किती उजळ दिसेल हे फक्त अॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ठरवतात. शटर ठरवतं ते दोनच गोष्टी: ठिपक्यांची संख्या आणि मागच्या झाडाझुडपांचा, आकाशाचा उजेड.

म्हणून पाच मिनिटांच्या एका एक्स्पोजरमध्ये गडबड होते. पार्श्वभूमी सतत प्रकाश गोळा करत राहते, काजवे मात्र तेवढेच राहतात. आकाश राखाडी होतं आणि फिकट ठिपके त्यात बुडतात. सेन्सर तापून लाल-निळे खोटे ठिपके, म्हणजे हॉट पिक्सेल येतात ते वेगळंच. त्यात चौथ्या मिनिटाला एखादी गाडी वळणावरून आली की सगळंच वाया. छोट्या फ्रेम घेतल्या तर ती एक फ्रेम फेकून देता येते. माझं मत स्पष्ट आहे: छोट्या फ्रेम घ्या.

सुरुवात इथून करा: मॅन्युअल मोड, एफ/२, २० सेकंद, आयएसओ १६००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). पहिली फ्रेम मोठी करून बघा. ठिपके पांढरे पडले असतील तर आयएसओ ८०० वर आणा, कारण पांढरा पडलेला ठिपका नंतर पिवळट हिरवा करता येत नाही. ठिपके मंद असतील तर ३२०० करा, पण शटर वाढवू नका. पार्श्वभूमी जवळजवळ काळी दिसली तर घाबरू नका, तिचा बंदोबस्त वेगळा करायचा आहे.

व्हाइट बॅलन्स ४००० केल्व्हिनच्या आसपास कायम ठेवा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेऱ्याचा पडदा प्रत्येक फ्रेमला वेगळा रंग दाखवेल आणि जागेवर अंदाज येणार नाही.

लेन्सबद्दल: ५० मिमीच लावा. नुसते एफ आकडे पाहिले तर १८ मिमीला एफ/३.५ आणि ५० मिमीला एफ/१.८ यात चौपटीहून थोडा कमी फरक दिसतो. पण लांबचा काजवा हा ठिपकाच असतो आणि ठिपक्यासाठी लेन्सच्या छिद्राचा प्रत्यक्ष व्यास मोजायचा. ५० भागिले १.८ म्हणजे जवळपास २८ मिमी. १८ भागिले ३.५ म्हणजे जेमतेम ५ मिमी. १५ मीटरवरच्या झाडातले काजवे किट लेन्सवर नॉइजमध्ये (फोटोतल्या दाणेदारपणात) हरवतात ते यामुळे.

अडचण एकच, ५० मिमी क्रॉप सेन्सरवर फारच अरुंद चौकट देते. कॅमेरा उभा धरला तर १५ मीटरवरून सुमारे ७ मीटर उंचीचा भाग मावतो, २५ मीटरवरून साधारण ११ ते १२ मीटरचा. म्हणजे मध्यम झाड पूर्ण हवं असेल तर पंचवीसेक मीटर मागे जायला मोकळी जागा लागेल. ती उजेडात बघून ठेवा. किट लेन्स लावायचीच असेल तर झाड सोडा आणि ४-५ मीटरवरच्या झुडपावर, बांधावर १८ मिमीने काम करा, आयएसओ ३२०० ते ६४००.

सादडा:

निशाचर यांनी कॅमेऱ्याचं सांगितलं, मी रानाचं सांगतो. वेळ चुकली तर सेटिंग कितीही बरोबर असून उपयोग नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वळवाच्या सरी पडून गेल्या की काजवे वाढायला लागतात. मृगाचा पाऊस धो धो लागला की कमी होत जातात. मधले दोन-तीन आठवडे खरे. तारीख ठरवताना चंद्र बघा. २०२३ साली वैशाख अमावस्या १९ मेला होती, म्हणजे काळोखाच्या रात्री लवकर येऊन गेल्या. २०२४ साली ती ६ जूनला आली, म्हणजे अगदी मोक्यावर. यंदाचं पंचांग उघडून तुमच्या तारखा ताडून घ्या.

अमावस्येच्या आधीचे दिवस नंतरच्या दिवसांपेक्षा बरे. कृष्ण पंचमीनंतर चंद्र रात्री अकराच्या पुढे उगवतो, तोवर तुमचं काम उरकलेलं असतं. शुक्ल पक्षात उलटं, ऐन संध्याकाळी चंद्र डोक्यावर. द्वितीया-तृतीयेपर्यंत चालेल, पंचमीच्या पुढे नको.

त्या दिवसांत तिकडे सूर्य सव्वासातच्या आत-बाहेर मावळतो. साडेसातला पहिले काजवे दिसतात, पूर्ण काळोख व्हायला साडेआठ वाजतात. आठ ते दहा ही वेळ धरून ठेवा. वारा जोराचा असेल तर उघड्या माळावरची झाडं सोडून टेकडीच्या आडोशाची बघा. पाऊस पडून थांबला आणि हवा पडली तर मात्र हलू नका, अशा वेळी झाड काजव्यांनी भरतं.

झाडं: सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर. दिवसा फिरून अशी दोन-तीन झाडं हेरा, ज्यांच्या मागे उघडं आकाश किंवा डोंगराची कड आहे. मागे दाट रान असेल तर झाडाचा आकारच उमटत नाही, नुसते अधांतरी ठिपके दिसतात. हॉटेलं, तंबू, रस्त्याचं वळण यांच्यापासून लांबचं झाड घ्या. गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या. यंदा काजवे कोणत्या झाडावर आहेत हे त्यांना आदल्या रात्रीचं माहीत असतं, आणि त्यांच्या बांधावरून, खाचरातून जायला त्यांची परवानगीही हवीच.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशशुल्क आहे, रात्री थांबायच्या वेळेवर बंधनं असतात आणि ती बदलत राहतात. निघायच्या आधी वन विभागाकडे चौकशी करा. ड्रोन अजिबात नेऊ नका. शनिवार-रविवार टाळा. मंगळवार ते गुरुवार गेलात तर हेडलाइटमुळे वाया जाणाऱ्या फ्रेम निम्म्याहून कमी होतील.

आता जे मला कळकळीनं सांगायचंय ते. ही लुकलुक म्हणजे नर-मादीचं बोलणं आहे. नर उडत उडत खूण देतो, मादी गवतातून, झुडपावरून उत्तर देते. टॉर्च, फ्लॅश किंवा हेडलाइट पडला की ते बोलणं तुटतं, आणि मोठ्या किड्याचं आयुष्य मोजक्या आठवड्यांचं, त्यामुळे गेलेली रात्र त्यांना भरून मिळत नाही. टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर लावा. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. तो उजेडही पायापुरता, जमिनीकडेच. झाडावर कोणताच उजेड टाकायचा नाही, फोकससाठीसुद्धा नाही. पायवाट सोडून गवतात शिरू नका: माद्या तिथेच बसतात, अंडी ओल्या मातीत असतात, अळ्या पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात. आणि गवतात फुरसंही असतं. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट घाला.

डास फार असतात, पण डास पळवायचा स्प्रे झाडाजवळ मारू नका. काजवाही कीटकच आहे. शिवाय त्यातलं डीट नावाचं रसायन कॅमेऱ्याची रबरी पकड आणि प्लास्टिक खातं. मुक्कामावरूनच मलम लावून निघा आणि तळहात पुसून मग लेन्सला हात लावा. पूर्ण बाह्यांचा शर्ट हा सगळ्यात चांगला उपाय.

पाऊसवेडा:

दोघांचेही आभार, छिद्राच्या व्यासाचं गणित पहिल्यांदाच कळलं. आता फोकसचं राहिलं. झाडावर उजेड टाकायचा नसेल तर काळोखात ५० मिमी एफ/१.८ फोकस कसा करायचा? दुसरं, माझ्या कॅमेऱ्यात इंटरव्हल टायमर (आपोआप एकामागून एक फोटो काढायची सोय) नाही. आणि स्टॅकिंग कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करू? लॅपटॉपवर फोटोशॉप नाही.

कृत्तिका:

फोकस काळोखात करायचाच नाही. सात वाजता ट्रायपॉड लावा, चौकट पक्की करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये खोडावर ऑटोफोकस करा, १० पट मोठं करून तपासा आणि लेन्सवरची कळ मॅन्युअलवर सरकवा. मग फोकसच्या रिंगवर कागदी मास्किंग टेप लावा. झूम लेन्स असेल तर झूमच्या रिंगवरही. लेन्सला व्हायब्रेशन कमी करणारी सोय असेल तर ती बंद. मिररलेस वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी: काही लेन्सचा फोकस कॅमेरा बंद होऊन चालू झाला की हलतो. तिथे ऑटो पॉवर ऑफ बंद ठेवा आणि मध्येच बॅटरी बदलली तर फोकस पुन्हा तपासा.

किती खोलवर स्पष्ट येईल याचा अंदाज: ५० मिमी, एफ/१.८, क्रॉप सेन्सर, झाड १५ मीटरवर असेल तर साधारण १२ ते १९ मीटरमधलं स्पष्ट. झाड २५ मीटरवर असेल तर १८ ते ३९ मीटर. लेन्ससमोर दोन-तीन मीटरवरून उडालेला काजवा मोठ्या फिकट वर्तुळासारखा येणार. अशी चार-पाच वर्तुळं फोटोला खोली देतात, पण पन्नास झाली तर झाड झाकतात. तुमच्या आणि झाडाच्या मधल्या गवतात फार काजवे असतील तर कॅमेरा थोडा उंच करा.

चौकट लागली की सगळ्यात आधी, म्हणजे ७.२० ते ७.४० च्या संधिप्रकाशात, झाडाचा एक पायाभूत फोटो घ्या: एफ/४ किंवा ५.६, आयएसओ १००-२००, शटर उजेडाप्रमाणे. दर पाच मिनिटांनी एक असे चार-पाच घ्या आणि घरी त्यातला सगळ्यात काळसर, पण फांद्या ओळखू येणारा निवडा. निशाचर म्हणाले तो पार्श्वभूमीचा बंदोबस्त हाच. यानंतर ट्रायपॉडला कुणाचाही पाय लागता कामा नये.

आणि तिथेच हलका ट्रायपॉड दगा देतो. त्या दिवसांत माती भिजलेली असते आणि तासाभरात एखादा पाय अर्धा सेंटिमीटर रुततो. जोडलेल्या फोटोत मग प्रत्येक फांदी दुहेरी. तिन्ही पायांखाली चपटे दगड ठेवा, वरून दाबून बसवा, मधला दांडा वर काढू नका आणि बॅग खाली लटकवलीत तर ती झुलणार नाही अशी जमिनीला टेकलेली ठेवा.

इंटरव्हल टायमर नसला तरी अडत नाही. तुमच्या मॉडेलला बसणारा साधा वायरचा रिमोट घ्या, ज्याचं बटण दाबून पुढे सरकवलं की अडकून राहतं. कॅमेऱ्यात शटर २० सेकंद, ड्राइव्ह कंटिन्युअस. बटण अडकवलं की फ्रेमवर फ्रेम निघत राहतात, मधलं अंतर नगण्य. ९० फ्रेम म्हणजे अर्धा तास आणि २४ मेगापिक्सेलच्या रॉ धरल्या तर अडीच जीबीच्या आसपास. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन मात्र आठवणीनं बंद करा. ते चालू राहिलं तर कॅमेरा प्रत्येक २० सेकंदांनंतर आणखी २० सेकंद स्वतःसाठी घेतो आणि निम्मे काजवे हुकतात. त्याऐवजी शेवटी, तिथेच, तेवढ्याच गारव्यात, लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर ८-१० फ्रेम घ्या. या डार्क फ्रेम. हॉट पिक्सेल त्यातून वजा होतात.

पडद्याचा उजेड सगळ्यात कमी, फोटो काढल्यावरचा रिव्ह्यू बंद, ऑटोफोकसचा मदतदिवा बंद, आणि कार्ड लिहिताना लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा.

दमट हवेत लेन्सवर वाफ धरते हे सगळ्यात जास्त फोटो बिघडवणारं कारण. एसी गाडीतून काढलेला कॅमेरा लगेच उघडू नका, बंद बॅगेत अर्धा तास राहू द्या. त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. लेन्सभोवती यूएसबीवर चालणारा हीटिंग पट्टा गुंडाळून पॉवर बँकेला जोडला तर उत्तम. नाहीतर दर दहा मिनिटांनी काच तपासा आणि मायक्रोफायबरनं टिपा. फुंकर मारू नका, वाफ वाढते.

स्टॅकिंगला स्टारस्टॅक्स हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. रॉमधून सगळ्या फ्रेम एकाच सेटिंगनं टिफ (TIFF) फाइल करून घ्या. डार्क फ्रेमनाही तीच सेटिंग लावा, नाहीतर वजाबाकी जुळत नाही. ब्लेंड मोड 'लाइटन', म्हणजे प्रत्येक जागी सगळ्या फ्रेममधला सर्वांत उजळ पिक्सेल उचलला जातो. गॅप फिलिंगवाला मोड नको, तो ताऱ्यांच्या रेषांसाठी आहे.

लाइटनचा एक तोटा लक्षात ठेवा. तो उजळ नॉइजही तितक्याच आवडीनं उचलतो, त्यामुळे फ्रेम जितक्या जास्त तितका काळोख राखाडी. उपाय असा: टिफ करण्याआधीच रॉमध्ये ब्लॅक खाली ओढा, इतका की काजवे सोडून बाकी सगळं काळं होईल. मग जोडा आणि ते चित्र संधिप्रकाशातल्या फोटोवर पुन्हा लाइटननं ठेवा. हे शेवटचं काम गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या थरांवर) होतं. आकाशातल्या ताऱ्यांच्या आखूड रेषा आणि विमानं नको असतील तर वरच्या लेयरला मास्क लावून आकाश पुसा.

गवतफुला:

मोबाइलचं मी सांगते. नाइट मोड वापरू नका. तो झटपट बऱ्याच फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढतो आणि एकाच फ्रेममध्ये चमकलेली गोष्ट नॉइज समजून पुसतो. म्हणजे नेमका काजवाच पुसला जातो, आणि झाड मात्र छान दिसतं. लोक म्हणतात 'डोळ्यांना दिसत होते, फोटोत आले नाहीत', त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

प्रो किंवा मॅन्युअल मोड असलेला फोन घ्या. मुख्य १एक्स कॅमेरा (अल्ट्रावाइड आणि टेलीची छिद्रं लहान), शटर १० ते १५ सेकंद, आयएसओ ८०० ते १६००, फोकस मॅन्युअल, फाइल रॉ मिळत असेल तर रॉ, २ सेकंदांचा टायमर. काही फोनमध्ये लाइट ट्रेल किंवा स्टार ट्रेल नावाचा मोड असतो, तो लाइटनसारखंच काम करतो आणि चांगला लागू पडतो. ट्रायपॉडला लावायचा मोबाइल होल्डर हवाच, दगडाला टेकवून काम भागत नाही.

फोनच्या लेन्सचं छिद्र तीन-चार मिलिमीटरचं. त्यामुळे लांबच्या झाडाचा हट्ट सोडा. पायवाटेवरूनच ३ ते ५ मीटरवरचं झुडूप, बांध, दगडी गडगा निवडा. आणि फ्लॅश 'ऑटो' नव्हे, 'बंद' आहे ना हे निघण्यापूर्वीच बघा, कारण एका फोनचा फ्लॅश पडला की शेजारच्या सगळ्यांच्या फ्रेम जातात. फोनचे पडदेही खाली ठेवा. दहा जण दहा उघडे पडदे घेऊन उभे राहिले तर २० सेकंदांत झाडाच्या खालच्या फांद्या निळसर उजळतात.

सादडा:

एक मतभेद नोंदवतो. ९० फ्रेम जोडू नयेत असं मला वाटतं. अर्ध्या तासाचे काजवे एका झाडावर चढवले की दिवाळीची रोषणाई दिसते, रान दिसत नाही. प्रत्यक्षात एका क्षणी झाडावर जेवढे चमकतात त्याच्या कितीतरी पट जास्त. बघणारा तो फोटो पाहून भंडारदऱ्याला येतो, तसं दिसलं नाही की टॉर्च मारून शोधायला लागतो. १०-१५ फ्रेम पुरेत. झाड खरंच भरलेलं असेल आणि एका लयीत लुकलुकत असेल तर ८ सेकंदांची एकच फ्रेम घ्या, आयएसओ ३२०० ला. तीत फांदी न् फांदी वेगळी ओळखू येते.

निशाचर:

१५ फ्रेमचा मुद्दा मान्य. मीही ९० घ्यायला सांगेन, जोडायला नाही. अर्धा तास कॅमेरा चालू ठेवला की त्यातला सर्वांत भरलेला पाच मिनिटांचा सलग तुकडा निवडता येतो, म्हणजे १५ फ्रेम. हेडलाइटच्या, विमानाच्या फ्रेम आधीच बाजूला काढता येतात. वेगवेगळ्या वेळच्या फ्रेम निवडून हवं तिथे ठिपके पेरणं मात्र मला पटत नाही.

जोडलेला फोटो टाकताना खाली लिहा: '१५ फ्रेम, प्रत्येकी २० सेकंद, संधिप्रकाशातल्या फोटोवर जोडलेल्या.' स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम आधी वाचा, जोडलेले फोटो अनेक ठिकाणी चालत नाहीत. तिथे सादडा म्हणतात ती एकच फ्रेम उपयोगी पडते, म्हणून रात्रीच्या सुरुवातीला तशा पाच-सहा घेऊन ठेवा.

एका लयीतली लुकलुक दाखवायची असेल तर फोटोपेक्षा व्हिडिओ बरा. ५० मिमी एफ/१.८, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/२५, आयएसओ ६४०० ते १२८००. क्रॉप सेन्सरवर नॉइज येईल, येऊ द्या. लय दिसते हे महत्त्वाचं.

पाऊसवेडा:

सगळं उतरवून घेतलं. तारखा बदलून अमावस्येच्या आधीचे मंगळवार-बुधवार घेतोय. वायरचा रिमोट, मास्किंग टेप, लाल जिलेटिन आणि सिलिका जेल यादीत टाकलं. एकच शंका उरली: पाऊस आलाच तर कॅमेरा उचलायचा की तिथेच झाकायचा? उचलला तर चौकट जाईल.

कृत्तिका:

बारीक सर असेल तर झाका. जाड प्लास्टिकची पिशवी वरून घालून लेन्सच्या हुडला रबर बँडनं बांधा, पुढची बाजू उघडी, आणि वर छत्री धरा. फ्रेम चालू राहू द्या, थेंब पडलेल्या नंतर काढून टाका. मोठा पाऊस किंवा विजा असतील तर कॅमेरा उचला आणि झाडाखाली न थांबता गाडी गाठा. उचलण्याआधी ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखालचे दगड जागच्या जागी सोडा आणि पायांची लांबी बदलू नका. परत आलात की पाय त्याच दगडांवर ठेवून चौकट जवळपास जुळते. ती तंतोतंत जुळणार नाही, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम एकत्र जोडू नका. नव्या चौकटीसाठी संधिप्रकाशाचा फोटो नसेल, तेव्हा त्याच ठिकाणी २ मिनिटांची, आयएसओ १६०० ची एक फ्रेम घ्या आणि तीच पाया म्हणून वापरा. तेवढ्या वेळात तिच्यात काजवेही येतील, पण फांद्यांचा आकार मिळतो. फोकसच्या टेपला हात लावू नका.